मित्रांना सांगितल्यावर

आपल्याकडे पुरुषांच्या मैत्रीत स्पर्शाचा हिशेब कुणी ठेवत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत गळ्यात हात टाकून नाचावं, राजगडावर पद्मावतीच्या देवळात एकाच पांघरुणात झोपावं, कुणाला काही वाटत नाही. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही तिघं असेच वावरलो. मी गे आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. त्यांच्या प्रेमप्रकरणांत मी सल्लागार, प्रसंगी निरोप्या. माझा विषय निघाला की मी अभ्यास पुढे करायचो.

2009 साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध कलम 377 मधून वगळले, तेव्हा सांगून टाकावं असं वाटलं. धीर गोळा होईपर्यंत डिसेंबर 2013 उजाडला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मित्र पोलिसांत जातील अशी भीती नव्हती. पण कायदा ज्याला गुन्हा म्हणतो ते चहाच्या टपरीवर सांगायचं कसं? 6 सप्टेंबर 2018 ला ते कलम आमच्यापुरतं गेलं. त्यानंतर लगेचच दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं.

रूममेट म्हणाला, "अरे, मला काही फरक पडत नाही." केवढं हायसं वाटलं! पण कडकडून भेटणारा तो आता हात पुढे करू लागला. बायकोशी झालेलं भांडण मला सांगेनासा झाला. हॉस्टेलचे दिवस त्याला नव्याने आठवत असावेत. शेजारच्या कॉटवर याच्या मनात काय असेल, असं काहीतरी. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. ऑफिसातल्या मैत्रिणीशेजारी तो जितक्या निर्मळ मनाने डबा खातो, तितक्याच निर्मळ मनाने मी त्याच्या शेजारी झोपत होतो. त्याने विचारलं नाही. आम्ही अजून भेटतो, वाढदिवसाला.

दुसरा भडकला. "इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?" बरेच दिवस फोन उचलला नाही. मग एका रात्री थेट घरी आला आणि विचारत सुटला. कधी कळलं? कुणाजवळ बोलायचास? शेवटी, जरा थांबून, "मी आवडायचो का रे?"

"हो. पहिल्या वर्षी, थोडे दिवस."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "आणि मी तुला तिला लिहिलेली पत्रं वाचून दाखवत होतो!"

इतक्या वर्षांत माझ्या त्या दुखण्याची दखल घेणारा तो पहिला माणूस. त्या रात्री पहिल्यांदा मी बोललो आणि त्याने ऐकलं.

विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातला बापू मला अलीकडे वेगळा दिसतो. मित्रा या मैत्रिणीचं मन कळल्यावर त्या साध्या मुलाच्या वाट्याला जे येतं, ते ओझं असतं. माझ्या मित्राच्याही वाट्याला ते आलं. माझी आई त्यालाच फोन करते, "याच्या लग्नाचं बघ रे काहीतरी, तुझं ऐकतो तो." तो काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचा. माझ्यासाठी तो आता लपू लागला होता, आणि लपणं काय असतं ते मला पुरतं माहीत आहे.

गेल्या महिन्यात त्याने मला स्पष्ट सांगितलं, "काकूंशी मी यापुढे खोटं बोलणार नाही. तू त्यांना कधी सांगतोयस?" दिवाळीनंतर सांगायचं ठरवलंय. तो बरोबर येणार आहे.