वरचा थेंब, खालचा डाग

गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की माणूस आधी खाली वाकतो. मीही वाकतो, पण थेंब साधारण कुठल्या बाजूला पडलाय एवढं बघून उठतो. थेंब जिथून सुटतो तिथूनच ऑइल बाहेर येत असेल, असं क्वचितच घडतं. ते वरून ओघळतं, गाडी पळत असताना वाऱ्याने मागे ढकललं जातं, एखाद्या ब्रॅकेटच्या कडेने, वायरच्या पाठीवरून हातभर लांब जातं आणि जिथे खाली टोक सापडेल तिथून टपकतं. म्हणून शोधायची ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा.

माझी गाडी कार्बोरेटरवाली मारुती ८००, एमएच-१९ पासिंगची. घेतली जळगावला, आता असते धुळ्यात, देवपुरात. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पहिली मारुती १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. एवढी वर्षं चाललेली गाडी असल्याने तिचं पॅकिंग, सील आजही दुकानात मागितलं की मिळतं. शिवाय बॉनेट उघडलं की इंजिन दिसतं आणि सगळीकडे हात पोचतो. नव्या गाड्यांत वर प्लास्टिकचं झाकण असतं, खालून आणखी एक. त्यात ऑइल गळलं तरी महिनोन् महिने आतल्या आत मुरत राहतं, मालकाला पत्ताही लागत नाही.

या इंजिनात गिअरबॉक्सच्या बाजूला एकाच उभ्या रेषेत तीन संशयित बसलेले आहेत. सगळ्यात वर टॅपेट कव्हरचं पॅकिंग. त्याखाली डिस्ट्रिब्युटर, तो हेडमध्ये जिथे शिरतो तिथली रबराची बारीक ओ-रिंग. आणि तळाला, इंजिन व गिअरबॉक्सच्या मधे, क्रँकचं मागचं ऑइल सील. तिघांपैकी कोणीही गळलं तरी थेंब पडतो एकाच जागी, गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. तो थेंब बघून 'क्रँक सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे दिवसाचं काम आणि हजारोंचा खर्च. ओ-रिंग मिळते चहाच्या पैशात. सांगणारे लबाड असतात असं मी म्हणणार नाही. वर बघायला आधी धुवावं लागतं, आणि गॅरेजमध्ये तेवढा वेळ कोणाकडे असतो?

धुण्याचं काम आपल्याकडे जरा जास्तच आहे. जळगाव ते धुळे, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी नव्वदेक किलोमीटरची वाट. फागणे-तरसोद चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्या काळात या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक इंजिनाने पोटभर धूळ खाल्ली. ओल्या ऑइलवर धूळ बसते, वर पुन्हा ऑइल, पुन्हा धूळ, आणि बोटाच्या पेराएवढा काळा थर तयार होतो. हा थर फार फसवा. त्याच्याखाली जुनी, कधीच थांबलेली गळती आणि आजची गळती सारखीच दिसते. मी डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश घेतो, डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून टाकतो आणि थर भिजवून खरवडतो. मग कोरडं पुसायला कॉटन वेस्ट. कापसाच्या मुलखात त्याची कमतरता नाही, पण त्याचे धागे सुटतात. म्हणून बाहेरून पुसायला वेस्ट आणि उघडलेल्या इंजिनाजवळ मात्र जुन्या बनियनचं कापड, हा नियम मी मोडत नाही.

धुतलेलं इंजिन पूर्ण वाळलं की त्यावर टाल्कम पावडर उडवायची, अगदी चेहऱ्याला लावतात तीच. मग गाडी पारोळा चौफुलीपर्यंत एक चक्कर मारून आणायची, इंजिन तापेल एवढी. परत येऊन बॉनेट उघडलं की पांढऱ्यावर एक करडी, ओली रेघ उमटलेली असते. तिचं वरचं टोक जिथे असेल तिथे बोट ठेवायचं. शेजारचे आप्पा कठड्यावरून विचारतात, ''काय करी राह्यना भो, गाडीले पावडर लाई राह्यना?'' त्यांना एकदा ती रेघ दाखवली. आता डाग दिसला की तेच आधी पावडरचा डबा आणलाय का विचारतात.

या वेळी रेघेचं टोक टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर होतं. म्हणजे पहिलाच संशयित.

पॅकिंग आणायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ''कार्बोरेटर की एमपीएफआय?'' आणि दुसरा, ''कंपनीचं देऊ की लोकल?'' माझं मत स्पष्ट आहे: इथे पैसे वाचवू नयेत. लोकल पॅकिंग दिसायला तसंच असतं, पण बोटांनी दाबून पाहिलं की रबर कडक लागतं किंवा जास्तच मऊ. पॅकिंगचं काम दाबलं जाणं आणि उलट दाबत राहणं. जुनं पॅकिंग काढल्यावर हे नीट कळतं. नवं असताना त्याची कड फुगीर असते. काढलेलं चपटं होऊन आलेलं असतं, वाकवलं की कट्कन मोडतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि ऑइल यांत राहून रबराचा लवचिकपणा जातो. आपल्याकडे लोक याचा दोष उन्हाला देतात. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो हे खरं, पण चालत्या इंजिनाचं डोकं बाराही महिने नव्वद अंशांच्या आसपास असतंच. ऊन त्रास देतं ते गाडी बंद केल्यानंतर. पंखा थांबलेला, वारा नाही, बॉनेटखाली कोंडलेली उष्णता बाहेर जायला तयार नाही. तेव्हा रबर भाजून निघतं. दुपारी लांबून आल्यावर मी बॉनेट थोडा वेळ उघडं ठेवतो ते यासाठीच.

गळतीवरून आठवलं, तेल काढणं हा खानदेशचा जुना धंदा. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप आणि तेलासाठी सुरू झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणजे आजची विप्रो. त्याच कंपनीने पुढे सत्तरच्या दशकात हायड्रॉलिक सिलिंडर करायला घेतले, आणि त्या सिलिंडरांत सगळी भिस्त सीलवर असते. तेल काढण्यापेक्षा ते अडवून धरणं अवघड, हे त्यांनाही तिथे चांगलं कळलं असणार.

कव्हर काढायचं ते इंजिन थंड असताना, सकाळी. एअर फिल्टरचा डबा बाजूला, प्लगच्या वायरी क्रमाने सोडवून ठेवलेल्या. बोल्ट दहा नंबरच्या गोटीने सुटतात. कव्हर चिकटलेलं असतं. तिथे पेचकस घालून उचकटायचा मोह आवरावा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एक ओरखडा पडला की नव्या पॅकिंगलाही तिथून वाट मिळते. लाकडी दांड्याने कडेकडेने हलके ठोके दिले की कव्हर आपोआप सुटतं. उघड्या हेडवर लगेच बनियन पसरायचं, कारण आता जे काही खाली पडेल ते थेट तळाच्या ऑइल चेंबरमध्ये जाईल. पृष्ठभागावरचे जुने तुकडे मी मुलाच्या प्लास्टिकच्या फूटपट्टीने खरवडतो, मग पेट्रोलचा फडका मारतो. नख फिरवून पाहतो. नख कुठे अडलं तर अजून काहीतरी चिकटलेलं आहे.

शेवटी सिलिकॉन. बहुतेक जण इथे हात सैल सोडतात, सगळ्या कडेला जाड वळी ओढतात. गळती थांबतेही. पण कव्हर आवळलं की तेवढीच वळी आतल्या बाजूला बाहेर येते, ऑइलमध्ये सुटते आणि चेंबरमधल्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. जाळी तुंबली की इंजिनाला ऑइलच पोचत नाही. एका थेंबापायी इंजिन जाम. पॅकिंग रबराचं असेल तर ते कोरडंच बसतं. सिलिकॉन लावायचं तर फक्त जिथे दोन भागांचा सांधा येतो त्या कोपऱ्यात, तुरीच्या डाळीएवढं.

आवळताना मधून सुरू करून बाहेर, समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून. लांब दांड्याचा पाना मी या कामाला जवळ ठेवतच नाही. गोटीचा दांडा टोकाला न धरता मुठीत जवळ धरायचा, म्हणजे मनगटापुरताच जोर लागतो. जास्त आवळलं की पॅकिंग पिचकतं, कव्हर बोल्टपाशी खाली दबतं आणि दोन बोल्टांच्या मधे वर उचललं जातं. 'गळतंय, जरा टाइट करून दे' म्हणून वाढलेल्या गळत्या मी अनेक पाहिल्या आहेत.

एक गोष्ट मात्र कव्हर लावण्याआधीच बघावी. इंजिनात पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली येतच असतो. तो ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरकडे निघून जातो. ही नळी आतून चिकटून बुजली की आत दाब साठतो आणि सगळ्यात कमजोर सांधा शोधतो. मग पॅकिंग कितीही बदला, दर पावसाळ्यात नवं गळतं. नळी काढून तोंडाने फुंकून पाहावी. फुंकर पलीकडे गेली नाही तर पेट्रोलमध्ये भिजत घालावी, नाहीतर सरळ नवी आणावी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पावडर, पुन्हा चक्कर. कव्हर पांढरं, डिस्ट्रिब्युटरच्या मुळाशीही पांढरं. तळाला गिअरबॉक्सच्या सांध्यावर तेवढा हलका ओलावा, थेंब होण्याइतकाही नाही. म्हणजे तिसरा संशयितही अगदीच निर्दोष नव्हता. त्याला मी हात लावणार नाही. क्लच प्लेट कधीतरी बदलावीच लागेल, तेव्हा गिअरबॉक्स उतरेल, आणि त्याच मजुरीत सीलही नवं बसेल. ओलावा क्लचवर गेला आणि चढावर क्लच घसरायला लागला, तर लळिंगच्या घाटात ते आधी कळेल. मग वाट बघणार नाही. तोवर दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन चालू करण्याआधी डिपस्टिक पुसून बघायची, आणि डिकीत २०डब्ल्यू-४० चा एक लिटरचा डबा ठेवायचा.