कौल

आम्हा वकील मंडळींचा चित्रावर फारसा विश्वास नसतो. खरेदीखताला जमिनीचा नकाशा जोडला, तरी त्याखाली चतुःसीमेचे चार ओळींचे वर्णन असल्याखेरीज आम्हांला झोप येत नाही. शब्दाची उलटतपासणी करता येते, त्याला कोशात गाठता येते. चित्र मात्र प्रत्येकाशी निराळे बोलते आणि विचारू गेल्यास मौन धरते. अशा मनोवृत्तीच्या माणसाला गोमंतकाच्या अर्वाचीन इतिहासातील एक गोष्ट नेहमी विचारात पाडते. या भूमीने आपल्या भवितव्याचा जो सर्वांत मोठा निर्णय घेतला, तो दोन चित्रांवर खूण करून घेतला.

१६ जानेवारी १९६७ चा तो दिवस. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. त्यामुळे मी सांगतो ते ऐकीव आणि वाचलेले. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, हा प्रश्न. त्यासाठी संसदेने १९६६ साली स्वतंत्र कायदा केला आणि मतदान निर्भेळ व्हावे म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधी पायउतार झाले. प्रश्नाच्या पोटात भाषा, जमीन, नोकऱ्या, धर्म, शेजार असे शंभर उपप्रश्न होते. मतपत्रिकेवर मात्र विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळेपणासाठी दोन पाने, एवढेच.

ही चिन्हे ज्याने सुचविली, त्याच्या मनात काय होते ते मला ठाऊक नाही. पण देवळाच्या पायरीवर वाढलेल्या माणसाला त्यांत एक अर्थ दिसल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे देवाला प्रश्न विचारायचा तो फुलापानांच्याच द्वारे. मूर्तीला पाण्याने पाकळ्या किंवा कळे लावावेत, गाऱ्हाणे घालावे आणि कोणत्या बाजूची पाकळी पडते इकडे डोळे लावून बसावे. मुलीचे लग्न, विहिरीची जागा, भाऊबंदकीचा वाद, सारे काही त्या इवल्याशा पाकळीवर सोपवून आपले पूर्वज निश्चिंत झाले. या विधीला आपण कौल म्हणतो, आणि त्या मतदानालाही मराठीत नाव पडले ते जनमत कौल असेच. ज्याला लिहिता येत नव्हते त्या मतदारालाही फुलाला प्रश्न विचारणे नवे नव्हते. त्या दिवशी फरक एवढाच, की तो उत्तर घ्यायला आला नव्हता, द्यायला आला होता.

दोन्ही चिन्हांचा गोडवा सारखा होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. देवाला फूल चालते तसे पानही चालते. एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला झाडू दिला असता, तर अर्धी लढाई छापखान्यातच संपली असती. न्यायाधीशाच्या आसनासारखी सम असलेली अशी चित्रे निवडणे हे कसबाचे काम आहे आणि त्या कसबाची दखल आपल्या इतिहासग्रंथांत फारशी घेतली गेलेली नाही.

चिन्हांची ही पद्धत काही गोव्यापुरती नव्हती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुकुमार सेन यांच्यापुढे सुमारे सतरा कोटी मतदार होते आणि शंभरांतल्या ऐंशीहून अधिक माणसांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तिच्यावर चिन्ह चिकटविले गेले. बैलजोडी, झोपडी, वटवृक्ष, पणती, कणसे यांच्या आधारे या देशाने पहिले मत दिले. पुढे निवडणूक आयोगाच्या कचेरीत एम. एस. सेठी नावाचे रेखनकार बसत. कंगवा, पतंग, शिट्टी, घड्याळ अशा नित्याच्या वस्तू समोर ठेवून ते पेन्सिलीने काढीत. १९९२ साली ते निवृत्त झाले. त्यांची रेखाटने कोट्यवधी लोकांनी पाहिली आणि चित्रकाराचे नाव क्वचितच कोणी विचारले. देवळांच्या भिंती रंगविणाऱ्या आपल्या चिताऱ्यांचे भाग्य तरी याहून निराळे कोठे होते?

पण चिन्ह हे केवळ दार आहे. माणसे दारापर्यंत यावी लागतात. १९६७ च्या त्या थंडीत ती आली, यात कलावंतांचा वाटा मोठा. उल्हास बुयांव यांचा आवाज आणि मनोहरराय सरदेसाय यांची कविता गावोगाव पोचली. ‘राष्ट्रमत’मधून उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ सुटत होते. विलीनीकरणाविरुद्धचा हा मारा मराठीतूनच चालला होता, याची गंमत वाटते. दुसऱ्या बाजूला ‘गोमन्तक’ आपल्या बाजूने तितक्याच हिरिरीने लिहीत होता. निकाल लागला तेव्हा दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली होती. अंतर ३४,०२१. फुलाला मत दिलेल्या घरांतून आजही हा विषय निघाला की आवाज चढतो, आणि या नियतकालिकाच्या वाचकांत अशी घरे पुष्कळ आहेत. त्या वादात मी पडत नाही. माझे लक्ष आहे ते एवढ्यावरच, की हरलेल्यांनीही आपल्याला प्रश्न कळला नव्हता असे कधी म्हटले नाही.

आता एक अलीकडची हकीकत सांगतो. देवस्थानाचे नाव सांगत नाही; ते माझ्या अशिलांचे आहे. तेथील जुन्या अग्रशाळेच्या भिंतीवर कावीकाम आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा लेप द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून आतला पांढरा चुना उघडा करीत वेली, मोर, हत्ती काढायचे, असे हे काम. होनावरच्या डॉ. कृष्णानंद कामतांनी या कलेच्या मागे गावोगाव पायपीट केली, ती काही उगाच नव्हे. समितीला ती भिंत पाडून तेथे चकचकीत फरशी बसवायची होती. १९३३ सालच्या देवस्थानांच्या कायद्यानुसार महाजनांची सभा बोलावणे प्राप्त होते. नोटीस फलकावर लागली. कलमे बिनचूक, भाषा अशी की देवालाही वकील लावावा लागेल. पहिल्या सभेला अकरा माणसे आली.

मग गावातल्या चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीने निराळीच नोटीस काढली. अर्ध्या कागदावर कावीचा मोर, अर्ध्यावर नवी फरशी आणि खाली सभेची तारीख व वेळ. फरशीही तिने मोठ्या प्रेमाने काढली होती; तिच्यावर पडलेला समईचा उजेडसुद्धा दाखविला होता. “फरशी वाईट काढली असती, तर ती माणसे म्हणाली असती, ही फसवते,” असे तिने मला सांगितले. पुराव्याच्या कायद्यावर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत, पण इतके शहाणे वाक्य त्यांत आठवत नाही. तो कागद तिने पोसऱ्यांवर, न्हाव्याच्या दुकानात आणि देवळाच्या तळीपाशी चिकटविला. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांनी आपले नाके झाकले गेले आहेत. त्यांच्याकडे पाहून कोणाला सभेला जावेसे वाटल्याचे ऐकिवात नाही. या कागदाने मात्र मुंबईहून आणि बेळगावहून महाजन आणले.

सभा साडेतीन तास चालली. फरशीची बाजू लंगडी नव्हती. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हाताऱ्या बायका घसरतात, चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, हे सारे खरेच होते. मोराच्या बाजूने बोलणाऱ्या एका सद्‌गृहस्थांनी तर आयुष्यात ती भिंत नीट पाहिली नव्हती. ते सभा थांबवून पाहून आले आणि मग अधिक वेळ बोलले. शेवटी भिंत ठेवून जमीन तेवढी नवी करावी, यावर सतरा मतांच्या फरकाने एकमत न होता बहुमत झाले.

चुन्याचा गवंडी कुमठ्याकडे आहे असे कळते. त्याचा अंदाज आल्यावर जत्रेनंतरच्या सभेत पैशांचा विचार व्हायचा आहे. त्या सभेच्या नोटिशीचा मसुदा समितीने माझ्याकडे मागितला आहे. मी कलमे लिहून दिली आणि अर्धा कागद त्या मुलीसाठी कोरा सोडला आहे.