पंचमाला सुट्टी

मिरज,
आषाढातला एक ओला रविवार

चि. मनूस मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी हसलो त्याचा तुला राग आलेला दिसतो. "मामा, चारशे स्टाईल आहेत आणि एकही आपल्या गाण्याला बसत नाही," असं तू इतक्या कळवळून म्हणालीस की मला माझे ऑर्केस्ट्रातले दिवस आठवले, म्हणून हसलो. पहिल्या कीबोर्डच्या वेळी मीही हेच म्हणालो होतो, फक्त तेव्हा स्टाईल शंभराच्या आत होत्या. आणि गावात त्याला कीबोर्ड कुणी म्हणतच नव्हतं. कॅसिओटोन १९८० साली बाजारात आला, आणि पुढे आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या असल्या वाद्याला 'कॅसिओ' हेच नाव चिकटलं. यात्रेतल्या कार्यक्रमात निवेदक सांगायचा, "कॅसिओवर आहेत..." आणि माझ्यासमोर भलतीच कंपनी असायची.

तर तू पाठवलेली क्लिप तीनदा ऐकली. 'बैजू बावरा'तलं रफीसाहेबांचं भजन निवडलंस, हिंमत केलीस. आवाज ज्या मुलाचा आहे तो सुरात आहे. तरी पहिल्या चार ओळींतच काहीतरी शिजलं नाही असं वाटतं, आणि तू म्हणतेस तसा तो स्टाईलच्या निवडीचा दोष नाही. हे नीट सांगतो, कारण बाकी सगळं यातूनच निघतं.

स्टाईल म्हणजे काय असते बघ. कुठल्यातरी स्टुडिओत वादकांनी एका ठरलेल्या कॉर्डवर वाजवून ठेवलेले तुकडे. यामाहाच्या स्टाईल बहुधा सी मेजर सेव्हनवर बांधलेल्या असतात. तू डाव्या हाताने दुसरा कॉर्ड दाबलास की पेटी, म्हणजे तुझा कीबोर्ड, ते सगळे सूर काही नियमांनी उचलून नव्या जागी ठेवते. आता सी मेजर सेव्हन आपल्या भाषेत मांड: सा, ग, प, नी, सगळे शुद्ध. आणि तुझं भजन मालकंसात. मालकंसात या चारांतला फक्त सा चालतो. गंधार आणि निषाद कोमल हवेत, पंचम तर वर्ज्यच. तू सा वर साधा मेजर कॉर्ड धरलास, आणि मागची सगळी मंडळी दर मात्रेला शुद्ध गंधार आणि पंचम वाजवत बसली. तो बिचारा मुलगा मालकंस गात होता आणि साथीला भलताच राग चालला होता. मायनर दाबून बघितलंस तर गंधार कोमल होईल, पंचम तिथेच राहील.

उपाय फार सोपा आहे. कॉर्ड ओळखण्याची पद्धत 'फिंगर्ड' वर ठेव आणि सा आणि वरचा सा, एवढेच दोन सूर दाब. पेटी याला वन प्लस एट म्हणते. मग बासपासून पॅडपर्यंत सगळे सा धरून बसतात, तंबोऱ्यासारखे. जिथे थोडी हालचाल हवी तिथे मध्यमावरचा मायनर घे: म, कोमल ध, सा. किंवा कोमल धैवतावरचा मेजर: ध, सा, कोमल ग. दोन्ही पूर्ण मालकंसातले. पंचमाला सुट्टी. एवढ्या तीन जागांवर ते भजन निभतं, चौथी शोधू नकोस.

भूप असेल तर पंचमाचा त्रास नाही, पण पंचमावर मेजर कॉर्ड धरलास की त्यात शुद्ध निषाद येतो, आणि भूपात मध्यम-निषाद दोन्ही नाहीत. तिथे प आणि वरचा रे एवढेच दोन दाब, त्याला वन प्लस फाइव्ह म्हणतात. मधला सूर गायब. धैवतावरचा मायनर मात्र बिनधास्त घे, त्याचे तिन्ही सूर भूपातलेच आहेत. असा प्रत्येक गाण्याआधी कागदावर राग लिहून काढ, वर्ज्य सूर लाल शाईने, आणि मग कोणते कॉर्ड उरतात ते बघ. पाचेक मिनिटांचं काम आहे. मी हे शिकायला बारा वर्षं लावली, कारण मला वाटायचं जास्त कॉर्ड म्हणजे जास्त संगीत.

तुझ्या या वाद्याला अरेंजर कीबोर्ड का म्हणतात, याचा विचार केलायस? आपल्याकडे हा शब्द माणसांसाठी होता. चाल संगीतकाराची. पण व्हायोलिनं कुठे उठतील, बासरी कुठल्या ओळीच्या पाठीमागून येईल, आणि कुठे सगळ्यांनी हात मांडीवर ठेवून बसायचं, हे कागदावर मांडायचा तो अरेंजर. मुंबईच्या स्टुडिओंत हे काम पुष्कळदा गोव्याच्या माणसांनी केलं. शंकर-जयकिशनसाठी सेबॅस्टियन डिसोझा होते. अँथनी गोन्साल्विस होते. व्हायोलिनवर प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव गाण्यात घालून त्यांनी ते घराघरांत पोचवलं. आपल्यात अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल, दोघेही अरेंजर, आणि अनिल-अरुण म्हणून मराठीत संगीतकारही. या लोकांच्या हातात चाळीस वादक असले तरी ते चाळिसांना एकदम वाजवू देत नसत. तुझ्या पेटीत नुसते वादक भरलेत, आणि त्यांना गप्प बसवायला कुणी नाही.

म्हणून पहिलं काम: स्टाईलचे आठ चॅनेल उघड. रिदम दोन, बास, कॉर्ड दोन, पॅड, फ्रेज दोन. दोन्ही फ्रेज आधी बंद कर. ट्रम्पेटची ती टॅ-टॅ आणि गिटारचे ते लाडिक तुकडे तिथूनच येतात, आणि आपल्या भावगीतात ते पाहुण्यासारखे मध्येच बोलतात. मग एक कॉर्ड चॅनेल बंद कर. उरलेलं ऐक. तुला ज्या स्टाईल "बसत नाहीत" वाटल्या, त्यातल्या निम्म्या तरी आता बसतील. गणपतीतल्या कार्यक्रमासाठी तुझ्या सोसायटीत तबलेवाला मिळत असेल तर दोन्ही रिदमही बंद करून फक्त बास आणि पॅड ठेव. आजवर मला या वाद्याचा याहून चांगला उपयोग सापडलेला नाही. पण तबल्याला कानात क्लिक किंवा जवळ मॉनिटर दे. आमच्या ऑर्केस्ट्रातले तबलजी म्हणायचे, "तुझ्या पेटीला घाम येत नाही रे, मी माणूस आहे." लय त्यांच्याकडून सुटायची नाही, पण पेटी त्यांच्याकडे बघत नाही, याचा त्यांना अपमान वाटायचा.

तबलेवाला नसेल तर केरवा स्वतः बनव. स्टाईल क्रिएटरमध्ये एका स्टाईलचा रिदम आणि दुसरीचा बास असं एकत्र करता येतं, आणि तबल्याचा किट घेऊन धा गे ना ती ना के धी ना स्वतः वाजवूनही घेता येतं. एक बार वाजवून गिरवत बसू नकोस. चार बार घे, आणि चौथ्यात 'ना के'च्या जागी काहीतरी वेगळं कर, अगदी एखादा ठोका गाळलास तरी चालेल. क्वांटाइझ पूर्ण लावू नकोस. ढोलकीचा किंवा तबल्याचा झोल मात्रेच्या किंचित मागे-पुढे असतो, तो सरळ केला की गिरणीसारखं वाजतं.

आता डावा हात. मल्टी फिंगरमध्ये एका बोटाने मेजर, डावीकडची काळी जोडली की मायनर, पांढरी जोडली की सेव्हन्थ, अशी सोय आहे. सुरुवातीला वापर, पण त्यात राहू नकोस, कारण वर सांगितलेलं दोन सुरांचं काम त्यात मनासारखं होत नाही. हात बसला की 'फिंगर्ड ऑन बास' घे. त्यात सगळ्यात खालचं बोट बास ठरवतं. पट्टीचा मेजर, मग पंचमाचा कॉर्ड पण खालचं बोट निषादावर, मग धैवताचा मायनर: बास सा, नी, ध असा जिना उतरतो. जुन्या भावगीतांच्या अंतऱ्याआधी हे इतकं शोभतं की एका कार्यक्रमात दोनदाच कर, तिसऱ्यांदा लोकांना कळतं.

आणखी एक. गाण्याआधी गायक जो मोकळा आलाप घेतो, किंवा श्लोक म्हणतो, तिथे तू स्टाईल थांबवून नुसती बसतेस. क्लिपमध्ये मला ती शांतता रिकामी वाटली. स्टॉप एसीएमपी नावाची सेटिंग आहे. ती चालू असली की ताल न सुरू होता डाव्या हाताचा कॉर्ड नुसता धरला जातो, बास आणि भरण्यासकट. गायक हवा तेवढा वेळ घेऊ दे. आणि सिंक स्टॉप लावलास तर हात उचलला की सगळं थांबतं, ठेवला की चालू; शेवटच्या ओळीची लय ओढून संपवायची असेल तेव्हा ते कामाला येतं. पेटीतले एंडिंग मात्र मी कधी वापरत नाही. आठ बारची ती आरास ऐकून लोक टाळ्या वाजवायला हात उचलतात, परत खाली ठेवतात, परत उचलतात.

सोसायटीचे गायक मात्रा खाणार. ही तक्रार नाही, हवामानाचा अंदाज आहे. अंतऱ्याहून परत येताना दोन मात्रा आधीच धृपद धरतील, आणि पेटी आपली चार मोजत राहील. टॅप टेंपोच्या बटणाला सेक्शन रीसेट लावून ठेव. ते दाबलं की बार पहिल्या मात्रेपासून सुरू होतो, म्हणजे गायकाने जिथे धरलं तिथे सम. ऐकणाऱ्याला कळतही नाही. मला हे बटण मिळालं असतं तर पंधरा वर्षांचा रक्तदाब वाचला असता.

माझी सगळ्यात मोठी फजिती मात्र ट्रान्स्पोजची. एका यात्रेत बाईंच्या गाण्यासाठी तीन सूर वर केलं होतं, बाई काळी चारला गायच्या. पुढचं द्वंद्वगीत, आणि ट्रान्स्पोज शून्यावर आणायचं राहून गेलं. पुरुष गायकाने पहिली ओळ उचलली तेव्हाच त्याच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. त्याने माझ्याकडे जे बघितलं, ते अजून आठवतं. तेव्हा प्रत्येक गाणं त्याच्या पट्टीसकट रजिस्ट्रेशन मेमरीत टाक, आणि साठवताना ट्रान्स्पोजच्या चौकटीत खूण आहे ना हे बघ. स्टाईल, लय, बंद केलेले चॅनेल, उजव्या हाताचा टोन, सगळं एका बटणात बसतं. बँकेला नाव देताना गाणं आणि पट्टी दोन्ही लिही. एका गाण्याला चार बटणं वापर: आलाप, धृपद, अंतरा, मधला पीस. आणि ओटीएस लिंक बंद ठेव, नाहीतर व्हेरिएशन बदललं की बासरीचा सॅक्सोफोन होतो.

उजव्या हाताबद्दल थोडंच. बासरीचा टोन घेतलास की एकावेळी एकच सूर, आणि मध्ये श्वासाएवढी जागा. व्हायोलिनवर पियानोसारखे झटके नकोत. तीन टोन एकावर एक चढवून बसू नकोस. मींड जॉयस्टिकने घे, पण बोटाने सूर लावून मग वाकव. वाकवून लावलास तर दरवेळी थोडा चुकतो.

स्केल ट्यूनबद्दल विचारलं होतंस. शुद्ध गंधार तंबोऱ्याशी लावायचा तर तो या पेटीतल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, धैवत सुमारे १६. पेटीत हे बदलता येतं, फक्त सा कुठे आहे ते तिला सांगावं लागतं, म्हणजे पट्टी बदलली की पुन्हा. सारख्या अंतराच्या या सुरांवरूनच आकाशवाणीवर १९४० पासून तीनएक दशकं हार्मोनियमला बंदी होती, हे तुझ्या आजोबांनी मला शंभरदा सांगितलंय. सोसायटीच्या मंडपात चौथ्या मजल्यावरच्या काकू गात असताना १४ सेंटांच्या मागे लागू नकोस. घरी मात्र एकदा करून बघ, एकटी असताना, तंबोरा लावून, गंधारावर थांब.

मंडपाच्या साऊंडवाल्याकडे एकच वायर असली तर ती एल प्लस आर लिहिलेल्या भोकात घाल, म्हणजे दोन्ही बाजू एकात येतात. आणि रिव्हर्ब कमी कर, मंडपाला स्वतःचा भरपूर आहे.

गाण्यांची यादी पाठव, समोर पट्ट्या लिहून: काळी चार, पांढरी पाच, जे असेल ते. रागही लिही, माहीत नसेल तर पहिल्या दोन ओळी फोनवर म्हणून दाखव, आपण काढू. माझं एक जुनं पॅडल माळ्यावर आहे, फिल त्याच्यावर लाव म्हणजे डावा हात मोकळा राहील. तुझ्या पेटीवर ते उलटं चाललं तर मेनूत पोलॅरिटी बदलायची, घाबरू नकोस. गणपतीच्या आदल्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. तबलेवाला मिळाला तर कळव. नाही मिळाला तर डग्गा मी आणतो, तबला तुमच्या इमारतीत कुणाच्या तरी माळ्यावर असेलच.

तुझा,
मामा