विंचूरची थंडी

रत्नागिरीहून बदली होऊन विंचूरला आलो, तेव्हा घरात लोकरीचे एकही कापड नव्हते. पहिल्याच डिसेंबरात खोबरेल तेल बाटलीत थिजले, सौ. ती बाटली उन्हात ठेवू लागल्या. कोकणात रोज सकाळी पिशवी घेऊन ताजी मासळी आणायची सवय. इथे बाजरी पोत्याने, कांदा गोणीने! मी अर्धा किलो कांदे मागितल्यावर दुकानदार हसला. शेजारच्या काकूंनी संध्याकाळी पाटीभर कांदे दारात ओतले, पैसे काही घेतले नाहीत.

मग घोंगड्या घेतल्या, स्वेटर घेतले आणि थंडीची मजा वाटू लागली. निफाड तालुकाच गारठ्याचा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा 5 अंशांखाली गेल्याची नोंद हिवाळ्यात अनेकदा होते. अशाच एका पहाटे काकूंच्या द्राक्षबागेत धूर दिसला म्हणून गेलो. काका बंडीवरच ओला पालापाचोळा पेटवत होते, काकू ठिबकचे पाणी सोडत होत्या. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, त्याने मुळांना ऊब मिळते. गारठ्याने मणी तडकले तर वर्षाचा खर्च मातीत. रात्रभर दोघे जागे होते.

"गव्हाला मानवते बरं का ही थंडी," काका म्हणाले, "पण गहू भावाच्या वाटणीला गेला!"