दहा दिवसांचं देणं

मोत्या आईला चावला, त्या सकाळी मी हातात पहार घेतली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण देणं तिथूनच सुरू होतं.

सोनईच्या आमच्या वस्तीपासून शनिशिंगणापूर जवळच. तिथल्या घरांना दारं नाहीत, हे साऱ्या जगाला ठाऊक. आमच्या घराला दार होतं, पण त्याची कडी म्हणजे मोत्या. सात वर्षांत त्यानं कुणाच्या पोटरीला दात लावला नाही. मुळा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या यायच्या. त्यांची पोरं त्याच्या अंगावर लोळायची आणि हा डोळे मिटून पडलेला.

त्या वर्षी दिवाळीनंतर तो बदलला. गव्हाणीखाली जाऊन बसायचा. हाक मारली तर यायचा नाही, जवळ गेलं की गुरगुरायचा. मला राग आला. खरं म्हणजे अपमान वाटला, आपल्याच भाकरीवरचं कुत्रं आपल्यावर गुरगुरतं म्हणून. ‘माजलाय’ म्हणत दोनदा दांडक्यानं हाणलंही, डोक्यातच. मग एका सकाळी आईनं भाकरी टाकून सवयीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यानं मनगट धरलं. दोन दात खोल रुतले.

“पिसाळलंय, संपवा त्याला!” तात्या ओरडले. चुलती मिरचीपूड घेऊन धावली. मी पहार उचलली. आई मनगट दाबून एवढंच म्हणाली, “आधी डॉक्टरांना फोन लाव.” तिच्या लेखी डॉक्टर म्हणजे गायीचे.

“मिरची, चुना काही नको,” डॉक्टर फोनवर म्हणाले. “मोटर चालू करा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धरा. पंधरा मिनिटं, घड्याळ बघून. मग तडक सरकारी दवाखान्यात. आणि कुत्र्याला मारू नका, मला तो जिता हवाय.”

जखमेभोवती सीरम टोचून, लशीचा पहिला डोस देऊन आईला घरी आणलं, तर डॉक्टर मोत्यापासून लांब, पालथ्या घमेल्यावर बसलेले. तासभर नुसते बघत होते. मोत्यानं पाणी प्यायलं. भाकरी खाल्ली, पण एकाच बाजूनं चावत. मान डावीकडे कललेली. मागच्या पायानं कान खाजवायला जायचा आणि मध्येच केकाटून पाय खाली घ्यायचा. सात वर्षं घरात असलेल्या जनावराकडे मी असं एकदाही बघितलं नव्हतं.

“कान दुखत असावा,” ते म्हणाले. “पण ‘असावा’वर माणसाचा जीव टांगू नये. आईंची इंजेक्शनं चुकवायची नाहीत. याला दहा दिवस साखळीला बांधा, पाणी-भाकरी लांबूनच.” तात्यांना त्यांनी समजावलं, की चावताना लाळेत रेबीज असेल तर दहा दिवसांत कुत्र्यात लक्षणं दिसतातच, बहुधा ते मरतंच. एवढा वेळ जनावर जिवंत ठेवण्यात शहाणपण आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हातमोजे, तोंडाला मुसकं, गुंगीचं इंजेक्शन. चिमट्यातून निघालं ते बांधावरच्या गवताचं एक कुसळ, पूने माखलेलं. कुसळाला उलटे काटे असतात. कानात शिरलं की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. आणि त्याच डोक्यावर माझं दांडकं बसलं होतं.

डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. गुळाचा चहा तेवढा दोनदा मागून घेतला. पुढे त्यांची बदली झाली. आता गावात कुणी आपलं कुत्रं माजल्याची तक्रार आणली, की मी विचारतो, ‘कानाला हात लावू देतं का? काय खातं, कसं खातं?’ लोकांना वाटतं, मला कुत्र्यातलं कळतं. उसनवारीवर चाललेलं दुकान आहे ते.

ते दहा दिवस मी बोटांवर मोजले. तात्या रोज सकाळी येऊन लांबूनच विचारायचे, “आहे का?” आईचे तिसऱ्या आणि सातव्या दिवसाचे डोस झाले, अठ्ठाविसाव्याचा तेवढा राहिला. अकराव्या दिवशी डॉक्टर आले, मोत्याला बघितलं आणि साखळीकडे बोट दाखवून मला म्हणाले, “तुम्ही सोडा.”

मी वाकून कडी काढली. मोत्यानं माझा हात हुंगला आणि मला वळसा घालून तो आईकडे गेला.