रंगवलेले मथळे

अमरावतीत आमच्या विभागाचे वेबपान मी केले. मथळे मोठ्या, ठळक अक्षरांत सजवून मी खूश होतो. अकोल्याच्या माझ्या अंध मित्राने ते एनव्हीडीए या वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर उघडले. मथळ्यावरून मथळ्यावर नेणारी ‘एच’ कळ दाबली. पण पानात मथळाच नाही! वेळापत्रकासाठी बिचाऱ्याला सारे पान ऐकावे लागले.

“अबे, तू रंगवलं, पण सांगितलं नाही,” तो म्हणाला.

मग एच-१, एच-२ अशा खुणा क्रमाने घातल्या. दुवे ‘नॅव्ह’मध्ये, मुख्य मजकूर ‘मेन’मध्ये ठेवला. पान दिसायला तेच राहिले. त्याला मात्र वेळापत्रक क्षणात सापडले.

ग्रंथ ऐकून विद्वान झालेल्या प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांच्या (१८८१–१९१५) वऱ्हाडात, ऐकून वाचणारा मला आठवू नये, याची लाज वाटते.