ही बेंबी न्हाई

पोट बेंबीपाशी दुखायला लागलं की आमच्या पाटण भागात निदान ठरलेलं असतं: बेंबी सरकली. माझ्या बाबतीतही तेच झालं. शाळेतून आले, चहाचा वास नकोसा झाला आणि पोट धरून आडवी झाले. सासूबाईंनी विचारलं, "काही जड उचललंस का गं?" सकाळी गॅसची टाकी सरकवली होती. पुरावा मिळाला.

आळीतल्या एक आजी बेंबी बसवतात. पोटावर पेटता दिवा ठेवायचा, त्यावर तांब्या पालथा घालायचा, दिवा विझला की तांब्या कातडी ओढून घेतो. मग तो सोडवून पोट तेलानं चोळायचं. तांब्यापर्यंत मी निमूट पडून होते. चोळायला त्यांनी उजव्या बाजूला हात नेला तशी मी किंचाळले. आजींनी हात काढून घेतला, पुन्हा नुसतं बोट टेकवून पाहिलं आणि तेलाची वाटी बाजूला सारली. "ही बेंबी न्हाई. पोट आतनं आवळून धरतंय. दवाखान्यात न्या." पुढं सर्जननी हीच खूण बोटांनी तपासली आणि केसपेपरवर लिहिली. आजींना ती बिनशाळेची कळली होती. अशा उपायांवर माझा विश्वास नाही, पण कुठं थांबायचं हे त्या बाईला नेमकं ठाऊक होतं, आणि हा गुण डिग्रीबरोबर मिळतोच असं नाही.

गावातल्या दवाखान्यात अॅसिडिटीचं इंजेक्शन मिळालं आणि सकाळपर्यंत वाट बघायला सांगितलं. त्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. अपेंडिक्स सुरुवातीला खरोखरच पित्तासारखं वागतं. हा करंगळीएवढा अवयव असतो पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, पण त्याच्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या भागात पोचतात, तिथंच बेंबीभोवतालच्या त्वचेच्याही पोचतात. त्यामुळं मेंदूला आधी बेंबीच दुखतेय असं वाटतं. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की मग दुखणं आपली खरी जागा दाखवतं. याला काही तास लागतात, कधी एक दिवसही. माझं रात्रीतून सरकलं. मध्यंतरी उलट्या झाल्या, बारीक ताप आला, आणि उजाडता उजाडता मी उजवा पाय पोटाशी घेऊन पडले होते, कारण तो सरळ केला की जीव जायचा.

ह्यांनी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली आणि आम्ही कराडला निघालो. हा रस्ता एरवी मला आवडतो, कोयनेच्या काठाकाठानं जातो. त्या दिवशी मला फक्त स्पीडब्रेकर दिसत होते. नवारस्ता, मल्हारपेठ, प्रत्येक गावाच्या तोंडाशी आणि शेवटाशी एकेक, शिवाय ग्रामपंचायतीनं हौसेनं घातलेले वेगळे. गाडी उचलली की मी दाराचं हँडल धरायची, आदळली की "आई गं". हे पुढच्या गचक्याआधीच "आला, आला" म्हणून सांगू लागले. पुढं वाचनात आलं की इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी याच गोष्टीचा रीतसर अभ्यास केला आहे. अपेंडिक्सच्या संशयानं आलेल्या 101 रुग्णांना त्यांनी विचारलं, येताना गतिरोधकावर पोट दुखलं का? ज्यांना खरोखर अपेंडिक्स निघालं त्यांच्यातल्या जवळपास सगळ्यांनी हो म्हटलं होतं. 2012 मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. हादऱ्यानं दुखणारं दुसरंही बरंच काही असतं, त्यामुळं नुसत्या 'हो'वर निदान होत नाही. पण गचक्याचं काहीच वाटत नसेल, तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते.

कराडच्या सर्जननी आधी प्रश्न विचारले. आधी दुखायला लागलं की आधी उलटी झाली? मला हा प्रश्न फालतू वाटला होता. तो तसा नसतो. खाण्यातून बाधलं तर बहुधा उलटी पहिली येते, अपेंडिक्समध्ये दुखणं पहिलं आणि उलटी मागून. मग पाळीची तारीख विचारली आणि लघवीची गरोदरपणाची चाचणी करायला लावली. एकेचाळिसाव्या वर्षी, दोन दहावी-बारावीची मुलं घरी असताना! पण नळीत राहिलेला गर्भ, पीळ पडलेला बीजांडकोश, मूत्रनलिकेत अडकलेला खडा, हे सगळं उजव्या कुशीत असंच दुखतं, आणि त्यातलं काहीही चुकवून चालत नाही.

मग बोटं. बेंबीपासून उजव्या खुब्याच्या पुढं आलेल्या हाडापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढायची, तिचे तीन भाग करायचे आणि हाडाकडचा तिसरा भाग जिथं सुरू होतो तिथं दाबायचं. न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी नावाच्या सर्जननं 1889 मध्ये ही जागा सांगितली आणि अजूनही ती त्याच्याच नावानं ओळखतात. तिथं दाबल्यावर मी सहन केलं, दाबलेलं सोडल्यावर मात्र नाही. डाव्या बाजूला दाबलं तरी दुखलं उजवीकडं. रक्तात पांढऱ्या पेशी सोळा हजारांच्या वर. सोनोग्राफीत वायूमुळं अपेंडिक्स दिसेना, ते मोठ्या आतड्याच्या मागं दडलेलं होतं, म्हणून सीटी स्कॅन. त्यात अकरा मिलिमीटर जाड झालेली नळी, तिच्या तोंडाशी मळाचा कडक खडा आणि भोवती थोडं पाणी. सहा मिलिमीटरच्या वर गेलं की डॉक्टर संशयानं बघतात.

स्कॅन करून आणलं आणि खाटेवर टेकवलं, एवढ्यात दुखणं एकदम ओसरलं. कुणी कळ दाबून बंद करावं तसं. हे खूश झाले, सासूबाईंना फोन लावला, "इंजेक्शन लागू पडलं." सर्जन आले तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. ते हसले नाहीत. "त्याचीच मला काळजी आहे, मॅडम," म्हणाले आणि नर्सला ऑपरेशन थिएटर मोकळं आहे का बघायला पाठवलं. कोंडलेल्या नळीतला दाब वाढत वाढत भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, ती कुजते आणि फुटते. फुटली की दाब जातो, म्हणून थोडा वेळ बरं वाटतं. पू पोटात पसरला की सगळं पोट लाकडासारखं होतं. माझं तासाभरातच तसं व्हायला लागलं आणि ताप चढला.

"गोळ्यांनी नाही का भागणार?" असं ह्यांनी तरीही विचारलं. प्रश्न अगदीच अडाण्याचा नव्हता. अमेरिकेत पंधराशेवर रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. न फुटलेल्या अपेंडिक्सला नुसत्या अँटिबायोटिक्सवर ठेवलं तर दहापैकी सुमारे सात जणांचं नव्वद दिवस तरी ऑपरेशन टळलं. पण आत खडा असलेल्यांपैकी दहातल्या चौघांना त्या मुदतीत टेबलावर जावंच लागलं. माझ्यात खडाही होता आणि फुटलंही होतं. संमतीपत्रावर लिहिलं होतं: दुर्बिणीतून, गरज पडल्यास पोट उघडून. मी सही केली.

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, म्हणजे आत हात चालवायला जागा होते. बेंबीशी एक भोक, खाली दोन. नळीचं मूळ बांधून ती कापतात आणि पिशवीत घालून बाहेर काढतात, म्हणजे जखमेला पू लागत नाही. माझं पोट आतून सलाइननं धुतलं आणि एक नळी बाहेर काढून ठेवली, उरलेला पू वाहून जावा म्हणून. शुद्धीवर आले तर पोटापेक्षा उजवा खांदा जास्त ठणकत होता. हृदयाचं काही झालं असं वाटून मी घाबरले. तो पोटात राहिलेला गॅस होता, तो छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि खांद्यात जाणवतो.

त्यानंतर वॉर्डात सगळ्यांना माझ्याबद्दल एकच उत्सुकता होती: वारा सरला का? डॉक्टर, नर्स, फरशी पुसणाऱ्या मावशी, भेटायला आलेले मुख्याध्यापक. आतडी पुन्हा हलू लागल्याची तीच खूण, तोवर तोंडानं पाणीही नाही. तो सरला तेव्हा सासूबाईंनी फोनवरून गावभर सांगितलं.

पू वाहून नेणाऱ्या त्या नळीकडं बघत पडलेली असताना मला इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड आठवला. इतिहास शिकवते, दुसरं काय आठवणार! 1902 साली 26 जूनला त्याचा राज्याभिषेक ठरलेला, आणि दोन दिवस आधी राजवाड्यातच त्याच्या पोटातला अपेंडिक्सचा पू काढावा लागला. समारंभ 9 ऑगस्टवर गेला. त्या समारंभासाठी आपले कोल्हापूरचे शाहू महाराज इंग्लंडला गेलेले होते, आणि ते तिकडं असतानाच 26 जुलैला मागासवर्गीयांसाठी नोकरीतल्या निम्म्या रिकाम्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम करवीरात निघाला. ही तारीख मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. त्या दिवसांत राजा पोटाच्या ऑपरेशनातून सावरत होता, हे पोरांना सांगितलं तर तारीख पक्की लक्षात राहील.

शेजारच्या पुरुष वॉर्डात साठीचे एक शेतकरी होते. दुखायला लागल्यावर घरच्यांनी त्यांना एरंडेल पाजलं होतं, आणि पाचेक दिवसांनी ते आले तेव्हा उजव्या कुशीत हाताला गोळा लागत होता. पोटात चरबीचा एक पडदा असतो, सर्जन त्याला पोटातला पोलीस म्हणतात. तो सुजलेल्या नळीला गराडा घालून बसला होता. अशा वेळी घाईनं कापायला गेलं तर आतड्यालाच इजा होते, म्हणून त्यांना सलाइन आणि अँटिबायोटिक्सवर ठेवलं. सहा-आठ आठवड्यांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करायला यायचं होतं, कारण त्या वयात गोळ्यामागं कॅन्सरची गाठही लपलेली असू शकते. "मला न कापता सोडलं, तुम्हाला का कापलं?" असं त्यांनी मला अगदी सहानुभूतीनं विचारलं.

मला मध्येच पुन्हा ताप आला, औषध बदलावं लागलं, घरी जाणं लांबलं. बायोप्सीचा अहवाल नंतर मिळाला: कुजून फुटलेलं अपेंडिक्स, कॅन्सर नाही. टीबी नाही. तो कागद प्रत्येकानं आठवणीनं मागून घ्यावा, पुष्कळजण टाके काढले की तिकडं फिरकत नाहीत.

आणि एवढं ऐका. पोट बेंबीशी दुखून उजवीकडं उतरलं, अन्न नकोसं झालं, खोकल्यानं किंवा गाडीच्या गचक्यानं कळ आली, तर एरंडेल देऊ नका, पोट चोळू देऊ नका, काही खाऊ-पिऊ न घालता सर्जन असेल तिथं न्या. वाटेत दुखणं अचानक थांबलं तर गाडी मागं वळवू नका.